हिरव्या दाराचं माप

आमच्या बिल्डिंगमधले भाऊ दाराशी आले, की आत पाऊल टाकण्याआधी उजव्या चौकटीला दोन बोटं लावत आणि तीच बोटं ओठांना टेकवत. मग विचारत, "वहिनी, आहात का?" मी समोर उभी असले तरी हाच प्रश्न.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, धूळ बघतायत. मला रागच आला. माझ्या घरात चौकटीवर धूळ नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा आले त्या दिवशी सकाळीच चौकटीला ऑइलपेंट दिला होता. रंगारी स्टुलावरून ओरडला, "ओ काका, ओला आहे!" पण तोवर बोटं चौकटीवरून ओठांवर पोहोचली होती. त्यांची पांढरी मिशी एका टोकाला चॉकलेटी झाली. मी रॉकेलचा बोळा घेऊन धावले, तर ते शांतपणे म्हणाले, "असू द्या हो. हाताला सवय आहे. कुठलं घर कोणाचं, हे हाताला कळत नाही."

मुलांनो, ते बेने इस्रायल होते, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. घरात मराठीच बोलत, रविवारी बोंबील आणत, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावत नसत. त्यांच्यात घराच्या दाराला, आत जाताना उजव्या हाताला येईल अशी एक बोटभर लांबीची डबी ठोकतात. तिच्यात धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेली गुंडाळी असते. तिला मेझुझा म्हणतात. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची. साधारण खांद्याच्या उंचीवर असते. आमच्या चौकटीवर तसलं काही नव्हतं, वर नुसतं वाळलेलं आंब्याचं तोरण. पण त्यांची बोटं बरोबर त्याच उंचीवर जाऊन टेकत. त्या ओल्या रंगात दोन बोटांचे ठसे उमटले. रंगारी म्हणाला, परत हात मारतो. मी कशी कोण जाणे, नको म्हणाले.

नोकरी त्यांनी मोजणीखात्यात केली. पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या किती शेतांच्या बांधांवरून त्यांची साखळी फिरली असेल, त्याचा हिशोब नाही. चिरनेरपासून कर्नाळ्यापर्यंत कुठल्याही गावाचं नाव काढा, ते सांगणार, "तिथली उत्तरेची हद्द वाकडी आहे." निवृत्त झाले तरी मोजणी सुटली नव्हती. बिल्डिंगच्या सभेत कोणी म्हणालं, की पार्किंगची जागा कमी पडते, तर सगळे भांडायला लागत आणि हे टेप घेऊन खाली जात. त्यांचं एकच वाक्य होतं, "मोजल्याशिवाय बोलू नये." भाजीवालीला, सेक्रेटरीला, आणि डॉक्टरांनासुद्धा तेच. डॉक्टर म्हणाले, वजन वाढल्यासारखं वाटतंय. हे म्हणाले, "वाटून काय उपयोग? काटा आणा."

आमच्या बिल्डिंगमध्ये ते एकटे राहत. बायको आधीच गेली होती. मुलगा, सून आणि नात इस्रायलला. नात तिकडे गेली तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. त्यांचं जुनं घर वडाळे तलावाच्या बाजूला, कौलारू, दोन खोल्या आणि एक ओटी. दोन हजार पाचच्या पुराचं पाणी त्यात शिरलं, कपाट उलटं झालं आणि घरातले सगळे फोटो भिजून एकमेकांना चिकटले. पुढे ते घरच पाडलं. आता तिथे खाली मोबाईलचं दुकान असलेली इमारत आहे. ते त्या रस्त्याने जातच नसत, मागून वळसा घालत. तिकडून एक फेरा पडतो, म्हणून मी एकदा म्हटलं, "सरळ का जात नाही?" तर म्हणाले, "पाय दुखतात." पाय दुखणारा माणूस लांबच्या रस्त्याने का जातो, हे मी विचारलं नाही.

मुलगा दर रविवारी फोन करून म्हणायचा, "बाबा, आता इकडे या." हे म्हणायचे, "येतो. एवढा सण होऊ दे." सण झाला की पुढचा सण.

आमच्या दोघांच्या घरी कॉम्प्युटर एकाच दिवशी आले. एका दुकानातून, एकसारखे, म्हणून मी त्यांना जुळे म्हणायची. माझा तुमच्यासाठी, त्यांचा नातीसाठी. तुम्ही पडद्यावर येऊन दात पडल्याचं दाखवायचात, ते याच मशीनवर. मी त्याच्यावर क्रोशाचं झाकण घालत असे. त्यांच्या मशीनवर बायकोची धुऊन घडी केलेली ओढणी.

दोन हजार तेराचा पावसाळा संपत आला होता. एका दुपारी ते आले, चौकटीला बोटं लावली, पण "आहात का" म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, माझ्या हातून खोटं बोललं गेलंय."

मी गॅस बंद करून आले.

झालं होतं असं. नात तिकडे डिझाइनच्या कॉलेजात शिकत होती. शेवटच्या वर्षाचं काम म्हणून तिने आजोबांचं पनवेलचं घर केलं. कागदावर नाही. इंटरनेटवर असं केलं, की आपण बटण दाबत त्या घरात शिरायचं, ओटीवर चढायचं, आत फिरायचं. फोटो एकही नव्हता. सगळं आठवणीतून. बापाला काही विचारलं, तर तो म्हणाला, मला काय धड आठवत नाही, आजोबांना विचार. मग तिने आजोबांना त्या पानाचा पत्ता पाठवला आणि म्हणाली, बघून काय चुकलंय ते सांगा, घर नीट माहीत असलेले आता तुम्ही एकटेच.

भाऊंनी पान उघडलं. पान राखाडी. मधोमध इंग्रजीत एक ओळ, की तुमचं ग्राफिक्स कार्ड काळ्या यादीत आहे, चालणार नाही.

"आणि रविवारी तिने विचारलं, आजोबा, बघितलं? वहिनी, तिचा आवाज असा होता, की मी म्हणालो, बघितलं. सुंदर आहे. सगळं बरोबर आहे."

"न बघता?"

"न बघता."

"आणि न मोजता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच चहा ठेवायला उठले.

मी माझं मशीन उघडलं. राखाडी पान, तीच ओळ. जुळेच ते. ते वाकून बघत म्हणाले, "म्हणजे तुमचंही नाव काळ्या यादीत." आणि मग बऱ्याच दिवसांनी हसले. "मतदारयादीत माझं नाव दोनदा गाळलं होतं. इथे न सांगता आलं बघा."

आमची मशीनं बघायला नाखवा येत. ते उरणकडचे कोळी. वडिलांची होडी होती, म्हणून आडनाव सोडून सगळे त्यांना नाखवाच म्हणत. आधी टीव्ही दुरुस्त करत, केसांबरोबर धंदाही बदलला असं स्वतःच सांगत. त्यांनी मला समजावलं ते तुम्हालाही सांगते, तुम्हाला हसू येईल तरी. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढायला वेगळा एक भाग असतो, ते ग्राफिक्स कार्ड. नवे ब्राउझर चित्रांचं सगळं जड काम त्याच्याकडे सोपवतात, म्हणजे चित्र भरभर हलतं. पण काही जुनी कार्डं चुकीचं काढतात किंवा मशीनच बंद पाडतात. म्हणून ब्राउझरवाल्यांनी त्यांची यादी करून ठेवलेली असते. यादीतल्या कार्डाला काम द्यायचंच नाही.

"म्हणजे लग्नघरात ज्याच्या हातून भात लागतो, त्याला चुलीपाशी बसू देत नाहीत, तसं," मी म्हटलं.

"बरोबर बोललात काकी," नाखवा म्हणाले. "आपला कार्ड भात लावणारा हाय."

"मग दुसरं कार्ड घाला," भाऊ म्हणाले.

"ह्या खाचेचा कार्ड आता मिळत नाय, काका. नवा मशीनच घ्या ना."

नाखवा बॅग आवरायला लागल्यावर भाऊ हळूच मला म्हणाले, "नवं मशीन घेतलं, तर मुलगा म्हणेल, बाबांनी मुक्काम ठोकला. घेतलं नाही, तर विचारेल, केव्हा निघताय. दोन्हीची उत्तरं माझ्याकडे नाहीत." सायबर कॅफेत जा, असंही मी सुचवलं. तर म्हणाले, "तिथे चार पोरं मागे उभी राहून बघणार. स्वतःच्या घरात शिरायचं ते असं नाही."

नाखवांना एक उपाय माहीत होता. ब्राउझरला सांगता येतं, की यादी बघू नको, मी म्हणतो म्हणून कार्डाला काम दे. "पण जोर लावल्यासारखा हाय हां. बोट फुटली तर मला बोलायचा नाय." त्यांनी भाऊंच्या मशीनवर ते करून दिलं. मीही बघायला गेले होते. पडदा काळा झाला, मग एकदम त्रिकोणच त्रिकोण, फाटक्या पतंगासारखे. त्या पसाऱ्यात मधोमध एक उभा निळा तुकडा दिसला, क्षणभर, आणि सगळं गोठलं. मशीन बंद करून चालू केलं, तर चालूच होईना. पुन्हा कधीच झालं नाही.

ते मशीनकडे बघतच नव्हते. म्हणाले, "दार होतं ते. निळं केलंय तिने. आमचं हिरवं होतं. पण असू दे. एवढी चूक चालते."

त्या रविवारी नातीचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे अळूवडी द्यायला गेले होते. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. ऐकू कमी येई, म्हणून. तिचं मराठी चार वर्षांच्या मुलीचंच राहिलं होतं, फक्त आवाज मोठा झाला होता.

"आजोबा, दार कसं आहे?"

हे आत्मविश्वासाने म्हणाले, "छान आहे गं. निळं शोभतंय."

पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला.

"आजोबा, मी हिरवं केलं."

मी वडीचं ताट घट्ट धरून उभी. ते फोनजवळ सरकले. "हो, हो. हिरवंच. निळं मी ते... वरचं म्हणालो. आकाश."

"आकाश नाही केलं अजून."

"तेच म्हणतोय, आकाश कर. निळं."

मग ती अगदी हळू म्हणाली, "आजोबा, तुम्ही खरं बघितलं ना?"

"बघितलं."

"मग पुढच्या संडेला एक एक सांगा. काय चुकलं ते. नंतर मला द्यायचंय कॉलेजात. चूक घर नको द्यायला."

फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ ओढणीच्या घडीशी चाळा करत बसले. "तिला कळलं," म्हणाले. "आणि वाईट काय वाटलं सांगू? मी बघितलं नाही याचं नाही. मी बघायची तसदी घेतली नाही, असं तिला वाटलं असेल. दिवसचे दिवस बसून एक पोरगी माझं घर बांधतेय, आणि मी दारातसुद्धा गेलो नाही."

आता उरलं माझं मशीन. खरं सांगते, मला धाकधूक वाटत होती. तेही बंद पडलं, तर तुमची तोंडं मला कुठे दिसणार? त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "वहिनी, तुमच्या मशीनला हात लावायचा नाही. मी तिला खरं सांगून टाकतो." पण हे म्हणताना त्यांनी टेप काढून टेबल मोजायला घेतलं. घाबरले की ते काहीतरी मोजत.

मी नाखवांना फोन करून म्हटलं, "बोट फुटणार नाही असं काही आहे का?"

नाखवा म्हणाले, "हाय एक. पण वेळ लागल."

शुक्रवारी सकाळी ते येऊन काहीतरी भाग इंटरनेटवरून उतरवून गेले. या वेळी कार्डाला कामच द्यायचं नाही, असं त्यांनी ब्राउझरला सांगितलं. मशीनचा जो मुख्य मेंदू असतो, पत्रं, हिशोब, सगळं करणारा, त्यालाच चित्र काढायला बसवायचं. त्याचं ते काम नव्हे. पण तो चुकत नाही. "पळणार नाय, काकी. एकेक चित्र काढल आणि दम खाईल. बटण दाबलात की थांबायचा. परत परत दाबू नका. भरती आपल्या घाईनं येत नाय."

शनिवार त्यांचा पाळायचा दिवस. म्हणून रविवारी दुपारी बसलो. तिचा फोन संध्याकाळी येणार होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, डोक्यावर सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जाताना घालत ती टोपी. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी मलाच मशीनसमोर बसायला सांगितलं. "तुम्ही दाबा. मी फक्त बघतो."

पान उघडलं. राखाडी. मग वरून खाली, रेघ रेघ करत, एक रस्ता आला. रस्त्याच्या टोकाशी कौलं. मी बटण दाबलं. वाट बघितली. चहाचा एक घोट झाला, तेव्हा घर एक पाऊल जवळ आलं.

"असंच," ते म्हणाले. "मी आता याच चालीने चालतो."

ओटी आली. तिच्या पायरीचा एक कोपरा उडालेला होता. "बघा! हा माझ्या भावाने नारळ फोडून उडवला होता," ते म्हणाले आणि बोटाने हवेत तो कोपरा दाखवला. मग हिरवं दार. अगदी हिरवं, कच्च्या कैरीसारखं. ते पुढे झुकले. त्यांची नजर दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीवर गेली आणि तिथेच राहिली.

चौकट मोकळी होती.

"थांबा," ते म्हणाले. "अजून काढायचं राहिलं असेल."

आम्ही थांबलो. चित्र पूर्ण झालं होतं. मशीनचा पंखासुद्धा शांत झाला होता.

"विसरली," ते म्हणाले. एवढंच. मग घसा साफ करून, "चला, आत चला. लहान होती."

आम्ही आत गेलो. मुलांनो, असं घर मी पाहिलं नव्हतं. जमीन इतकी बारकाईने केलेली, की लादीची प्रत्येक चीर दिसावी. टेबलाची खालची बाजू, जिथे सुताराने पेन्सिलने आकडा लिहिलेला, तोसुद्धा. आणि वर काहीच नाही. कपाटाचे वरचे कप्पे कोरे, छपराला वासे नाहीत, कौलं नुसती हवेत. खुर्च्या हत्तीएवढ्या. ते हसून हसून डोळे पुसायला लागले. "हिने घर खालून बघितलंय! आढं नाही, वासे नाहीत. अहो, पहिल्या पावसात कोसळेल हे." मग मोजणीखातं जागं झालं. चुलीशेजारची खिडकी भलत्या भिंतीवर. विहीर ओटीच्या फार जवळ. आतल्या खोलीचा उंबरा नाहीच. ते एक एक चूक बोटांवर धरत होते, पण त्यात राग नव्हता. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एक परात ठेवली होती, तिच्यात भिजवलेले पोहे, खोबरं, फळं. त्यांच्यात नवस फेडताना हा मलिदा करतात. तो दिसल्यावर त्यांनी टोपी सारखी केली. "मुलगा-सून तिकडे निघाले, त्याच्या आदल्या दिवशी हिने केला होता," म्हणाले. हिने म्हणजे बायकोने.

निघताना ओटीवर येऊन मी मागे दाराकडे वळायला गेले आणि भलतंच बटण दाबलं. चित्र खाली झुकलं. मी चुकचुकले, कारण आता ते पुन्हा काढून होईपर्यंत बसणं आलं. रेघ रेघ करत दार येऊ लागलं, पण खालचा भाग. उंबरा. उंबऱ्याच्या वर चौकटीचा तळ. आणि तिथे, उजव्या बाजूला, माझ्या मांडीशी येईल अशा उंचीवर, एक बोटभर डबी होती. हिरव्यावर पितळी. तिच्यावरचं बारीक अक्षरसुद्धा काढलेलं.

"अय्या, इथे आहे की! पण इतकी खाली?" मी म्हटलं. "भाऊ, ही तर चूक झाली. ही उंचावर असते ना?"

मी मान वळवली. ते उभे राहिले होते. डावा हात कोपरात दुमडून कमरेशी धरला होता, काहीतरी धरल्यासारखा, आणि किंचित त्या बाजूला कलले होते, ओझं असतं तसे. उजवा हात पुढे.

"ती माझ्या कडेवर असायची," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"मी ऑफिसातून आलो, की ओटीवरून धावत यायची. तिला उचलल्याशिवाय दारातून आत जाऊच द्यायची नाही. कडेवर घेतली, की हात पुढे करून स्वतः लावायची. रोज. वहिनी, तिला ती उंच आहे हे कधी कळलंच नाही. तिला आठवतं ते एवढंच, की हात पुढे केला की लागते. म्हणून तिने ती आपल्या हाताशीच लावली."

मग माझा स्वभाव आड आला. मी म्हटलं, "तरी तिला सांगायला हवं. तिकडे सगळ्यांना ठाऊक असणार, ती कुठे लावतात ते. कॉलेजात विचारतील."

"विचारू देत."

"पण माप चुकलंय, भाऊ."

ते खुर्चीत बसले. पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं काचेवर, त्या डबीवर टेकवली आणि ओठांना लावली.

संध्याकाळी तिचा फोन माझ्याच घरी घेतला. त्यांनी तिला आधी सगळं खरं सांगितलं. कार्ड, यादी, निळे त्रिकोण, बंद पडलेलं मशीन. ती इतकी हसली, की फोन खरखरला. "आजोबा, तुम्ही किती खोटारडे!" मग चुकांची पाळी. खिडकी भलत्या भिंतीवर. विहीर जवळ. आतला उंबरा नाही. "आणि छपराला वासे घाल, नाहीतर कॉलेजवाले हेल्मेट घालून येतील." ती एक एक हो म्हणत होती.

"आणि दार, आजोबा?"

"दार बरोबर आहे."

"मेझुझा?"

"बरोबर आहे."

"मोजलं?"

त्यांनी आपल्या रिकाम्या डाव्या हाताकडे बघितलं. "मोजलं," ते म्हणाले. "बरोबर हाताला लागते."

पुढच्या सणापर्यंत थांबले नाहीत. मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना सामान खाली गेल्यावर ते एकटे वर आले. चौकटीला बोटं लावली, त्यांच्याच जुन्या ठशांवर. विचारलं, "वहिनी, आहात का?" मी समोरच होते. "आहे," म्हटलं. बास, तेवढंच.

तिकडे ते काही वर्षं राहिले. ते गेल्याचं नातीने फोनवरून कळवलं. बरंच बोलली. शेवटी शेवटी त्यांचा हात वर जात नसे, मग दारातून आत जाताना ती त्यांचा हात धरून वर नेत असे. मग म्हणाली, "आजी, एक विचारू? बाबा आता म्हणतात, पनवेलला तो मेझुझा वर होता. मी खाली केला. आजोबा म्हणाले, बरोबर. तुम्ही पण बघितलं ना त्या दिवशी? खरं सांगा. चूक होती?"

तुम्हाला माहीत आहे, मी डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई. तुमच्या पत्रातल्या चुका लाल पेनाने काढून परत पाठवलेल्या आहेत मी.

"नाही गं," मी म्हटलं. "मी बघितलंय ना. बरोबर होतं."

तुमच्या बाबांनी पाठवलेल्या नव्या मशीनवर ते घर अजून उघडतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं उभं राहतं. वर आता वासेही आहेत. बटणाला हात लागला, की सरळ आत, स्वयंपाकाच्या कोपऱ्यापर्यंत धावत. मला तो वेग काही पटत नाही. मी दाराशी थांबते. चित्र खाली झुकवते. उजव्या बाजूला, चार वर्षांच्या मुलीने हात पुढे केला की लागेल अशी, पितळी डबी आहे. तिच्या समोरच्या काचेवर माझ्याच दोन बोटांचा डाग पडलाय. तेवढा मी पुसत नाही.